करदोड्याला बांधलेली किल्ली

आमच्या घरात पुरुष करदोडा बांधतात. वडील कपाटाची किल्ली त्यालाच अडकवायचे आणि तशीच नदीत अंघोळीला उतरायचे. त्यांची किल्ली कधी हरवली नाही. मी पन्नाशीला आलो तरी किल्ली म्हटलं की मला एकच भीती असते, हरवण्याची. भिजण्याची भीती माझ्या हिशेबात नव्हती.

कार्तिकात आवळ्याखाली जेवायला म्हणून आम्ही चौघं निघालो: मी, बायको, आई आणि भैंशाहून आलेला मेहुणा. नेरडीगोंड्यापाशी हायवे सोडून सातेक किलोमीटर आत एक ओढा आहे. काठावर आवळ्याची दोन झाडं आणि भरपूर माकडं. त्या दिवशी कामाचा वार असल्यामुळे दुसरं कुणी नव्हतं. फोनला रेंजही नव्हती.

माकडांमुळे मी सगळं खाणं गाडीतच ठेवलं. डबे, केळी, आणि आईच्या पर्समधली खडीसाखरेची डबीसुद्धा, कारण माकडं आधी पर्सच ओढतात. आईला साखरेचा आजार आहे, जेवणाआधी पोटात सुई घ्यावी लागते. सुई घेतली की पंधरा-वीस मिनिटांत जेवलं पाहिजे. हे मला तोंडपाठ आहे; वेळा मीच पाळतो.

गाडी बटणाची. किल्ली म्हणजे काळी प्लास्टिकची डबी, खिशात असली की दार उघडतं. बायको म्हणाली, आईंजवळ द्या. मी म्हटलं, माकडानं नेली तर? चड्डीला खिसा नव्हता. डबी करदोड्याला दोन गाठी मारून बांधली आणि कमरेएवढ्या पाण्यात उतरलो. मेहुण्यानं ते पाहिलं. त्याच्या मते बँकेच्या लॉकरलाही एवढा बंदोबस्त नसतो.

आम्हाला पाण्यातून बाहेर निघताना पाहून आईनं सतरंजी अंथरली आणि सुई घेतली, चौदा युनिट. तिचं काही चुकलं नाही. रोज घरी असंच चालतं.

मी गाडीपाशी गेलो आणि बटण दाबलं. काही झालं नाही. डबीवरचा बारीक लाल दिवा एकदा मिणमिणला आणि मग तोही लागेना. दाराला हात लावला, दार ढिम्म.

टॉवेलनं पुसली, झटकली, फुंकली. मेहुण्यानं मागून नेम धरला.

"भाऊजी, किल्ली हरवली तं नाही ना? मंग झालं."

डबी तापलेल्या दगडावर ठेवली. थोडं ऊन लागलं की सुकेल, असा माझा अंदाज. मेहुणा म्हणाला, काच फोडू. मी म्हटलं, थांब, दहा मिनिटं बघू. मधूनमधून उचलून बटण दाबत होतो. ते आणखी वाईट, ओल्या यंत्रात वीज खेळवू नये, हे नंतर कळलं. दहाची पंचवीस झाली. बायको आईजवळ बसली होती. तिनं हाक मारली ती अशा आवाजात की मी वळलोच.

आईचं कपाळ घामानं डबडबलं होतं. हात थरथरत होते. मी विचारलं, कसं वाटतं? ती म्हणाली, "भूक लागून राह्यली," आणि पुढचं बोलणं जडावलं. डोक्यावर आवळे लगडलेले होते. आवळ्यात साखर कुठली?

मेहुणा दोन्ही हातांत धोंडा घेऊन गाडीकडे निघाला. या वेळी मी त्याला थांबवलं नाही. दगडावरची डबी उचलली तेव्हा तिच्या कडेच्या फटीतून पाण्याचा थेंब बोटावर आला. त्या फटीपाशी एक बारीक खटका होता. गाडी घेतली त्या दिवशी दुकानातल्या माणसानं तो दाखवला होता आणि मी मान डोलावली होती. खटका सरकवला. आतून बोटभर लांबीची, साधी, दात्यांची किल्ली निघाली.

"थांब," मी ओरडलो.

दाराच्या मुठीखाली भोक होतं. हात ओले, दोनदा किल्ली घसरली. तिसऱ्यांदा फिरली, दार उघडलं, आणि गाडीला आम्ही चोर वाटलो. भोंगा सुरू झाला तो थांबेना. माकडं झाडावरून उड्या टाकत पळाली. मी खडीसाखरेची डबी काढून धावलो आणि दोन खडे आईच्या तोंडात घातले. मग बायकोनं केळं कुस्करून भरवलं. भोंगा बोंबलतच होता. त्या आवाजात आम्ही तिघं आईच्या तोंडाकडे बघत बसलो.

हळूहळू घाम ओसरला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या कमरेला लोंबणाऱ्या दोऱ्याकडे.

"तुह्या बापाची किल्ली लोखंडाची होती रे," ती म्हणाली. "आता तो भोंगा बंद कर."

गाडीचं पुस्तक पुढच्या खणात होतं. त्यात लिहिलं होतं, किल्ली चालत नसेल तर तिची डबी गाडी सुरू करायच्या बटणालाच टेकवा आणि ब्रेक दाबून बटण दाबा. तसं केलं. भोंगा थांबला, गाडी सुरू झाली. आई पोटभर जेवल्यावरच निघालो आणि घरी येईपर्यंत मी इंजिन बंद केलं नाही.

घरी डबी उघडून सेल काढला. आतल्या पट्टीवर पांढरट थर चढला होता. चार दिवस वाळवूनही ती जागी झाली नाही, नवी करून घ्यावी लागली. आता पाण्याकाठी जाताना किल्ली घट्ट तोंडाच्या पिशवीत असते. ती पिशवी मी आधी आत कागद घालून बादलीत बुडवून पाहिली. कागद कोरडा निघाला. तरीही ती घेऊन मी पाण्यात उतरत नाही. आई काठावर बसते, पदराच्या गाठीत किल्ली आणि दुसऱ्या टोकाच्या गाठीत खडीसाखर. माकडं येतात. ती हातात काठी ठेवते.