कुंटाल्याच्या धबधब्यावर मारलेली एक हाक

मी जिल्ह्याच्या गावी, आदिलाबादला, प्रयोगशाळेत रक्त तपासण्यात वीस वर्षं काढली. जे काचेखाली दिसतं ते आहे, जे दिसत नाही ते नाही, असा माझा साधा हिशोब. भुताखेतांच्या गोष्टी कुणी सुरू केल्या की मी उठून चहा टाकायला जाते. त्यामुळे हे लिहिताना मलाच जरा अवघडल्यासारखं होतंय...

पाहुणे विचारतात, तुमच्याकडे फिरायला काय आहे? बरंच आहे. कडमचं धरण आहे, पोचेराचा धबधबा आहे. पण माझी आवडती जागा कुंटाला. नागपूर–हैदराबाद रस्त्यावर इचोडा मागे टाकलं की पुढे नेरडीगोंड्याहून आत वळायचं. गाडी वर ठेवायची आणि दगडांवरून जपून खाली उतरायचं. खाली डोह, काळे खडक आणि एवढा आवाज, की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं.

हे घडलं तेव्हा आपला भाग आंध्र प्रदेशात होता आणि माझी मुलगी शाळेत होती. भाद्रपदातला रविवार. चार दिवस पाऊस उघडलेला. मी, माझे मिस्टर, दीर आणि जाऊ असे चौघंच गेलो होतो. मुलगी आजोळी होती. जाऊ कांता, बेला गावाकडची, शेतकऱ्याघरची. वयानं माझ्याहून बरीच लहान, जिभेनं नाही.

पानगे करायचे ठरले होते. पळसाच्या पानांत कणकेचे गोळे दाबून गोवऱ्यांच्या आरावर भाजायचे. कणीक मी मळली, गोवऱ्या वरच्या सपाटीवर मी पेटवल्या. कांता बाजूला उभी राहून म्हणाली, "ताई, मागच्या टायमाले कोळसे खाल्ले आमी. यंदा पानगे खाऊ घाला."

"मग तूच भाज," मी म्हटलं.

"मी कायले? तुमी मोठ्या." आणि हसत खाली डोहाकाठी गेली. खडकावर बसून पाय पाण्यात सोडले.

दीर म्हणाले, "वहिनी, तिचं मनावर घेऊ नका. मी तं कवाच सोडलं."

मी मनावर घेतलं होतं.

इथं एक सांगायला हवं. कांताच्या माहेरी एक रीत होती. रानात, पाण्याकाठी एका हाकेला ओ द्यायची नाही, जागचं हलायचंही नाही. "माणूस असलं तं तीनदा बोलावते," ती म्हणायची, "दुसरं काही असलं तं एकदाच." लग्न होऊन आली तेव्हापासून ती हे पाळत होती आणि आम्ही तिला हसत होतो. म्हणजे तिला बोलवायचं तर तीनदा, हे घरात सगळ्यांना ठाऊक.

पानगे झाले. मी सपाटीच्या कडेला गेले आणि एकदाच हाक मारली, "कांताऽऽ." तिनं मान वळवली नाही. मी परत येऊन पानांवरची राख झटकायला लागले. मिस्टर म्हणाले, "अजून बोलाव की." मी म्हटलं, "भूक लागली की येईल."

पाच-सात मिनिटांत ती धापा टाकत वर आली. अनवाणी.

"आली न ताई. कितीदा बोलावता?"

"एकदाच बोलावलं."

"तीनदा. मी मोजून राह्यली होती. तिसरी तं अशी मारली, का चप्पल घालाले थांबली नाही मी."

मी काही बोलणार तोच खालचा आवाज बदलला. नुसता वाढला नाही, जड झाला. आम्ही कडेला गेलो. पाणी गढूळ लाल झालं होतं, ओंडके वाहत येत होते, आणि कांता बसली होती तो खडक दिसत नव्हता. वरच्या अंगाला कुठेतरी मोठा पाऊस झाला असणार. त्याचं कारण समजतं.

पानगे तसेच बांधून घेतले आणि निघालो.

पुढच्या भाद्रपदात मी मिस्टरांना मुद्दाम त्याच खडकावर बसवलं, आभाळ आणि पाणी दोन्ही बघून. वर त्याच जागी उभी राहून घसा फाटेस्तोवर ओरडले. त्यांना काहीही ऐकू आलं नाही. म्हणजे त्या दिवशी माझी एक हाकसुद्धा खाली पोचायला नको होती. वर आम्ही तिघंच होतो, आणि मिस्टर नि दीर, दोघांपैकी कुणीही हाक मारली नव्हती. भास म्हणावं, तर तो बरोबर त्याच पाच मिनिटांत कसा झाला, हे मला सांगता येत नाही.

कांताच्या माहेरी अजून सांगतात, थोरल्या जावेनं जीव वाचवला. तिच्या आईनं मला साडी नेसवली तेव्हा मी कांताला बाजूला घेऊन खरं ते सांगितलं, की मी एकदाच हाक मारली होती.

ती म्हणाली, "मंग बाकीच्या दोन कोणं मारल्या? आवाज तं तुमचाच होता."

मला माहीत नाही. ज्या गोष्टीची खात्री आहे ती मात्र मी तिला सांगितली नाही. तिची रीत मला पक्की ठाऊक होती, आणि दुसरी हाक मी मारणार नव्हते.