रघुभाऊंची पुठ्ठ्यातली प्रकरणं

"रघुभाऊ गेले, पप्पा," असं सांगायला माझी मुलगी मानसी धावत गच्चीवर आली, तेव्हा मी शिर्डीतल्या आमच्या लॉजच्या कुंड्यांना पाणी घालत होतो. झोपेतच गेले होते. कुंडी भरून पाणी पायांवर यायला लागलं तरी मला नळ बंद करायचं सुचेना... याला आता महिना होत आला. भाऊंची आठवण आली की अजूनही आधी हसू येतं आणि रडू मागून येतं. त्यांना हा क्रम नक्की आवडला असता.

भाऊ माझे शाळेपासूनचे मित्र; राहात्यात त्यांचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना. अर्ध्या तालुक्याचे पेरू त्यांच्या खोक्यांतून बाजारात जायचे. त्यांना धंद्यावरची पुस्तकं वाचायचा भारी नाद, पण आवडलेलं पुस्तक ते सरळ फाडायचे! प्रकरणं सुटी करायची, प्रत्येकाला कारखान्यातल्याच पुठ्ठ्याचं कव्हर घालायचं आणि वर जाड मार्करनं आपल्या मनानं नाव लिहायचं. 'भागीदार रुसला तर', 'माल पडून हाय', 'लई वाढलो का?' ऑफिसातल्या लोखंडी मांडणीवर अशी पन्नासेक प्रकरणं होती. गावोगावचे मुरलेले धंदेवाले तिथं यायचे, चहा घेत आपलं दुखणं सांगायचे, आणि भाऊ वैद्यानं पुडी द्यावी तसं एक प्रकरण काढून हातात ठेवायचे. कोणी म्हणालं, "हे वाचलंय मी," की ते खूश व्हायचे. "मंग तर घेच. पयल्यांदा वाचलं तवा तुज्याकडं धंदा कुठं हुता?"

मला त्यांनी दिलं 'खुर्ची सोडताना'. मानसी हॉटेलचं शिक्षण घेऊन परत आली होती, लॉज चालवायला उत्सुक होती, आणि मी काही काउंटरवरून हलत नव्हतो. पोरगी कंटाळून पुण्यात नोकरी शोधायला लागली होती. ती गेली असती तर परत आली नसती, हे मला कळत होतं, तरी चाव्या काही हातातून सुटत नव्हत्या. ते प्रकरण मी तिशीत वाचलं होतं. तेव्हा काउंटरवर माझे वडील बसायचे, आणि लेखकाचं वाक्य न् वाक्य मला पटलं होतं. आता वाचलं आणि डोकंच फिरलं. "भाऊ, या लेखकाला काही कळत नाही. म्हाताऱ्या माणसाची किंमतच नाही त्याला," मी तणतणत म्हणालो. भाऊ इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "लेखक त्योच हाय, सुध्या. तूच आता बापाच्या जागंवर बसलाय!"

मग उपदेश न करता त्यांनी स्वतःची फजिती सांगितली. एका मित्राला त्यांनी दोन दिवसांत खोकी द्यायचा शब्द दिला होता. कारखाना बघणाऱ्या सूनबाईंनी, वैशालीनं, साफ सांगितलं, "जमायचं न्हाई, मामा. आधीच्या ऑर्डरी हायेत." हा नकार भाऊ एखादा पुरस्कार मिळाल्यासारखा गावभर मिरवत होते. "माज्याच कारखान्यात मला न्हाई म्हनली! आता मी निवांत मरायला मोकळा." दुसऱ्याच आठवड्यात चाव्या मानसीकडे द्यायला लावून, मला गाडीत घालून ते भंडारदऱ्याला घेऊन गेले. आम्ही उतरलो तिथं मोबाईलला रेंज नाही, हे त्यांना आधीच ठाऊक होतं. पहिला दिवस मी फोन उंच धरून फिरलो. दुसऱ्या दिवशी आम्ही धरणाच्या काठावर बसून शेंगा खाल्ल्या आणि शाळेतल्या गोष्टी काढून पोट दुखेपर्यंत हसलो. परतलो तर काउंटरमागची माझी खुर्ची गायब, आणि तिथं भाविकांच्या बॅगा ठेवायला मानसीनं रॅक लावलेला. मी संतापून भाऊंना फोन केला. "गिऱ्हाईक काय म्हनतंय?" त्यांनी विचारलं. "खूश आहे," मी कबूल केलं. "मंग तू कशाला रडतो?" मानसीनं पुण्याचा विषय पुन्हा काढला नाही.

परवा ते प्रकरण परत करायला राहात्याला गेलो. मांडणी जागच्या जागी होती. वैशालीनं हात आडवा धरला, प्रकरण घेतलं नाही. "मामांचा नियम तुमाला ठाऊक हाय, काका. या टायमाला नवीन काय दिसलं ते सांगायचं, मंगच जमा."

मी म्हणालो, "खुर्ची देणाऱ्याबद्दल लिहिलंय, घेणाऱ्याबद्दल लिहिलंय. पण देणाऱ्याला दंडाला धरून काउंटरवरून उठवायला एक मित्र लागतो, हे त्या लेखकानं कुठंच लिहिलेलं नाही."

वैशालीनं डोळ्यांना पदर लावला, मग हसली. टेबलावरचा मार्कर माझ्या हातात देत म्हणाली, "मंग ते तुमीच लिवा, काका. पुठ्ठा मी देते."