मासा कुठला, जाळं कुणाचं

परभणीच्या बाजारात लिंबाजी सर मासळीपाशी थांबले, की मी हातातली पिशवी सरळ खाली ठेवायचो. लवकर सुटका नसायची. भाव विचारायच्या आधी ते मावशीला विचारत, "मासा कुठला अन् जाळं कुणाचं?"

"येलदरीच्या धरणातला हाय, सर. जाळं आमच्या मालकाचं. दर खेपेला तेच काय इचारायलाव?"

"बरं हाय. पानी तुमचं, जाळंबी तुमचंच," म्हणत सर समाधानाने मासा निवडत.

पेडगावच्या शाळेत ते भूगोल शिकवत, मी मराठी. समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता आणि पीएच.डी.ला विषय घेतला होता खोल समुद्रातल्या हेक माशाचा! कोणता देश किती हेक पकडतो, याची तुलना. अर्जेंटिना, स्पेन, पेरू, दक्षिण आफ्रिका. सुटीत पॅसेंजरने विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन आकडे उतरवून आणत. "अहो, येलदरीच्या माशावर लिहा की," मी चिडवायचो.

"येलदरी यष्टीनं बघता येती. जिथं जाता येत न्हाई, तिथलंच लिहावं वाटतंय."

एका देशाचा रकाना मात्र त्यांना छळायचा. नामिबियाच्या समुद्रात हेक उदंड, पण देश पारतंत्र्यात. बोटी स्पेनच्या, रशियाच्या, म्हणून मासाही त्यांच्याच नावावर. "पानी एकाचं अन् कागदावर नाव दुसऱ्याचं. लय जुनं दुखणं हाय हे, देशमुख सर."

प्रबंध लिहून तयार होता. पहिल्या पानावर विद्यापीठाच्या नावाची ओळ तेवढी कोरी. ठराव होऊनही नामांतर अडलेलं. त्यावरून उसळलेल्या दंगलीत सरांच्या बहिणीचं घर जळालं होतं. नवं नाव लागल्याशिवाय प्रबंध द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. परभणीच्या कॉलेजात भूगोलाची जागा निघाली, तेव्हा मी त्यांच्यावर खेकसलोच. "नावात काय ठेवलंय? देऊन टाका आणि मोकळे व्हा!"

"ज्याचं नाव पहिल्यापासून लागलेलं हाय, त्याला असंच वाटतंय," सर शांतपणे म्हणाले. जागा दुसऱ्याला गेली. ते बोलणं आठवलं की मला अजून लाज वाटते.

नामिबिया स्वतंत्र झाल्याचं रेडिओवर ऐकलं, त्या दिवशी सरांनी शाळेत पेढे वाटले. "नातू झाला का?" कुणीतरी विचारलं.

"न्हाई. रकाना झाला."

नामांतर झालं ऐन संक्रांतीला. सर त्याआधीच्या दिवाळीत काविळीने गेले होते. दोनच महिने! आजही बाजारात मासळीपाशी माझे पाय रेंगाळतात, मागून तो प्रश्न ऐकू यावा म्हणून.

संक्रांतीनंतर वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, प्रबंध घेऊन माझ्या घरी आल्या. "तुमचं अक्षर बरं हाय म्हनायचे. तुमीच लिहा." कोऱ्या ओळीवर मी नवं नाव लिहिलं. अक्षर काही बरं आलं नाही.

"आता दोनी नावं मोठ्यानं वाचा. मला वाचता येत न्हाई."

मी सरांचं नाव वाचलं. विद्यापीठाचं वाचायला गेलो, तर आवाजच फुटेना. मग ते सगळं लांबलचक नाव वहिनींनीच, एकही शब्द न चुकता, मोठ्याने म्हटलं.