टाकीचं पथ्यपाणी

चरबीवर ताव मारणारी माणसं दिल्लीत गल्लोगल्ली भेटतील, पण चरबीकडे आदराने बघणारी व्यक्ती मी आयुष्यात एकच पाहिली. ती म्हणजे आमच्या हिची आत्या. मूळच्या नागपूरच्या, रसायनशास्त्र शिकलेल्या, आणि नोकरी कुठे, तर फरीदाबादजवळच्या एका कत्तलखान्याच्या बायोगॅस प्लँटवर! लोक नाक दाबून ज्याच्यापासून दूर पळतात, ती चरबी आणि आतडी एका दुमजली उंच, बंद टाकीत घालायची आणि त्यांचा गॅस करायचा, हे त्यांचं काम. टाकीतले जे असंख्य जिवाणू हे खाऊन गॅस सोडतात, त्यांना आत्या ‘मंडळी’ म्हणायच्या. दर रविवारी त्या आर. के. पुरमला आमच्या क्वार्टरवर जेवायला यायच्या आणि पहिला घास घेण्याआधी प्लँटवर फोन लावायच्या, “रामफल, मंडली ने खाना खाया?” तिकडून होकार आला की मगच ह्यांचा वरणभात. ही एकदा वैतागून म्हणालीसुद्धा, “आत्या, माझ्या तापाची चौकशी तू दोन दिवसांनी केलीस!” तर म्हणाल्या, “तुला बोलून दाखवता येतं गं. त्यांना येतं का?”

एकदा माझ्या साहेबांकडे सावजी मटणाचं जेवण होतं, आत्यांनाही आम्ही बरोबर नेलं होतं. साहेबही विदर्भातले, त्यामुळे रश्श्यावर बोटभर तर्री. आत्यांनी साहेबांच्याच हातातली वाटी काढून घेतली. “ही वरची तर्री बघा. चरबी टाकीत तशीच ढकलली की अशीच तरंगते, थर धरते, पाइप तुंबवते. अन्न वर, मंडळी खाली उपाशी! म्हणून आधी ती बारीक करायची, तापवायची, थोडा कॉस्टिक सोडा घालून घुसळायची. मग ती पाण्यात मिसळते, आणि मंडळींना खाता येते.” एवढ्यावर थांबतील तर त्या आत्या कसल्या! स्वयंपाकघरातून भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब मागवून त्यांनी वाटीत टाकले आणि चमच्याने ढवळलं. बघता बघता तर्री फुटली आणि रस्सा दुधट झाला. जेवायचं सोडून आम्ही सगळे त्या वाटीवर वाकलो होतो. खोटं कशाला सांगू, माझ्या अंगावर काटा आला. साहेब “कमाल है यार!” म्हणाले आणि जरा वेळाने हळूच दुसरी वाटी मागून घेतली.

पुढे मी प्लँटही पाहिला, नाकाला कापूर लावलेला रुमाल धरून. एका बाजूने चरबीचे दगडासारखे पांढरे गोळे आत जात होते आणि दुसरीकडे निळी, स्वच्छ ज्योत जळत होती. तो रुमाल कधी खाली आला ते मला कळलं नाही. प्लँट होण्याआधी ही सगळी घाण मागच्या नाल्यात जायची, आणि ऑपरेटर रामफलचं गाव त्याच नाल्याच्या काठी. आत्या येण्याआधी टाकी दोनदा तुंबली होती. मालकाने बजावलं होतं, “मैडम, तीसरी बार बंद हुई तो ताला.” म्हणजे पुन्हा तोच नाला.

आणि तिसरी वेळ आली. मालक पाहुण्यांना प्लँट दाखवायला आणणार होता. आत्या त्या दिवशी रजेवर होत्या. रामफल पन्नाशीचा, हरियाणाचा, पाहुणचारात हात आखडता घेणं त्याला ठाऊकच नाही. ज्योत मोठी दिसावी म्हणून त्याने तीन दिवसांची चरबी एका सकाळी टाकीला चारली. संध्याकाळी फेस आला, दुसऱ्या दिवशी ज्योत विझली. मी आत्यांना गाडीतून घेऊन पोचलो तेव्हा तो भिंतीशी रडत बसला होता. “मेहमान आवैं थे जी. मन्नै सोची, आज तो पेट भर कै खुवा दूँ.” आत्यांचा राग मला माहीत होता, मी दोन पावलं मागे सरलो. पण त्या नुसत्या त्याच्याशेजारी टेकल्या आणि मला म्हणाल्या, “आग्रहाची चूक आहे हो. आपल्याकडे लग्नात आपण दुसरं काय करतो?”

मालकाने आठ दिवस दिले. मग सुरू झालं टाकीचं पथ्यपाणी. चरबी बंद. आंबलेल्या पोटाला मोजून खाण्याचा सोडा. रामफलच्या गावातल्या गोबरगॅसमधून आणलेलं पातळ शेण, त्यात नवी मंडळी असतात म्हणून. ते वाहून आणायला गाडी कोणाची? माझी! ऑफिसच्या कारपूलमधून मला तेव्हा जे काढलं, ते अजून परत घेतलेलं नाही. आत्या रोज टाकीला कान लावून उभ्या राहायच्या. सातव्या दिवशी कान काढून म्हणाल्या, “जावईबुवा, काहीच ऐकू येत नाही. मला भीती वाटतेय.” त्या बाईच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

आठव्या दिवशी सकाळी मालक खरोखरच कुलूप घेऊन आला. रामफलने बर्नरपाशी काडी धरली. विझली. दुसरी विझली. तिसरी धरली आणि भप्पकन बोटभर निळी ज्योत उभी राहिली. मालक तिच्याकडे बघत राहिला, मग त्याने कुलूप कोटाच्या खिशात टाकलं. आत्यांनी त्याच ज्योतीवर चहा टाकला आणि पहिला कप रामफलला दिला.

आता आत्या निवृत्त होऊन नागपूरला गेल्यात. आमच्या रविवारच्या जेवणाला मिनिटभरही उशीर होत नाही, आणि ते मला अजिबात आवडत नाही. परवा कामासाठी फरीदाबादला गेलो होतो, तसाच प्लँटवर वळलो. रामफल वजनकाट्यापुढे उभा राहून दिवसाची चरबी तोलत होता. समोर कोणी पाहुणे बसले होते, तरी वर एक तुकडा जास्त टाकला नाही. मी टाकीला कान लावला. आत बुडबुड बुडबुड चाललं होतं. मी आत्यांना फोन लावला आणि तो तसाच टाकीच्या पत्र्याला टेकवला. बराच वेळ धरून ठेवला. कानाला लावला तेव्हा पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मग आत्या म्हणाल्या, “जेवतायत हो सगळे. ठेवा आता फोन, माझं ताट वाढलंय.”