दमाची जागा

कागदावर कोरी जागा दिसली की लोकांच्या पोटात का दुखतं, हे मला अजून कळलेलं नाही. डहाणू रोडला स्टेशनजवळ माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, बोर्डीच्या चिकूच्या खोक्यांवरची लेबलं, सगळं करते. गिऱ्हाईक शेजारी स्टूल ओढून बसतं, स्क्रीनवर बोट ठेवतं आणि म्हणतं, "ताई, इथं रिकामं दिसतंय, काहीतरी टाका ना." काहीतरी म्हणजे गणपती, कलश, वेलबुट्टी, नाहीतर तेच नाव आणखी मोठ्या अक्षरात. एका पत्रिकेत पाच तऱ्हेचे फॉन्ट मी मुकाट्यानं घातलेत. अहो, समास सोडा, वाचणारा माणूस अंगठा कुठं ठेवणार? ओळीत अंतर ठेवा. आपल्या अक्षरांना वर वेलांट्या नि मात्रा, खाली उकार, ओळी जवळ आणल्या की त्या एकमेकींच्या अंगावर चढतात. हे सगळं मी पूर्वी सांगत असे. मग सांगून सांगून तोंड दुखलं आणि मी मूग गिळून बसायला शिकले. एका पुस्तकाच्या वेळी मात्र मी गप्प बसायला नको होतं.

ते पुस्तक तलासरीकडच्या एका पाड्यावरचं. वारली लग्नात धवलेरी लागते. तीच लग्न लावते, लग्नाची गाणी गाते. एक तुकडा ती म्हणते, भोवतीच्या बाया तो उचलतात, मग ती पुढचा म्हणते. त्या पाड्याच्या धवलेरीचा गळा बसत चालला होता. डॉक्टरनं ताण देऊ नका म्हणून सांगितलं होतं. तिची सून दहावीपर्यंत शिकलेली, आवाज गोड, पण तिच्या माहेरची चाल वेगळी, आणि सासूची गाणी भलतीच लांब. म्हणून सासूनं सांगायचं आणि सुनेनं वहीत लिहायचं, असं दोन वर्षं चाललं होतं. गावातल्या मंडळानं त्याचं पुस्तक काढायचं ठरवलं आणि ती वही माझ्या टेबलावर आली.

मी जसंच्या तसं टाइप केलं. सून प्रूफ वाचायला आली, चार ओळी गुणगुणली आणि थांबली. "शब्द सगळे आहेत, पण गाता येत नाय," ती म्हणाली. चूक तिचीच होती. कागद वाया जाऊ नये म्हणून तिनं वहीत या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग लिहिलं होतं. कुठं थांबायचं, बायांनी कुठं उचलायचं, काहीच कळत नव्हतं. मी म्हटलं, सासूबाईंना घेऊन ये.

म्हातारी आली ती एसटीनं, सुनेचा हात धरून. कमरेला पानाची चंची, आणि दुकानाच्या पंख्याकडे बघायची नजर अशी की हा कधीही पडेल. "लग्न नसताना हे गात नाहीत, बाय," तिनं मला आधीच बजावलं. मोठ्यानं गाणार नाही, ओठातल्या ओठात म्हणेन, तेवढं चालेल का, असं तिनं विचारलं. मी मोबाइलवर घेऊ का म्हटलं, तर तिनं मोबाइलवर पंजाच ठेवला. मग आम्ही एक तोड काढली. सून वही वाचत जाणार, म्हातारी ओठ हलवणार, आणि जिथं दम घेईल तिथं बोट वर करणार. तिचं बोट वर झालं की मी एंटर दाबायचा. बायांनी उचलायची जागा आली की ती दोन बोटं दाखवायची, मग दोनदा एंटर. तीन सकाळी आम्ही हेच केलं. इतर गिऱ्हाइकं दारात खोळंबली, कुरकुरली, मी त्यांना खुशाल कुरकुरू दिलं.

पानं अशी झाली की माझी मलाच दृष्ट लागावी. अक्षर चांगलं सोळा पॉइंटाचं, डावी बाजू सरळ, उजवी जिथं ओळ संपेल तिथं सोडलेली, चारही बाजूंनी ऐसपैस समास. एकच फॉन्ट, एकही वेलबुट्टी नाही. मी एक पान छापून म्हातारीपुढं सहज ठेवलं. तिला अक्षर येत नाही, हे मला माहीत होतं. तिनं पानाच्या उजव्या बाजूला बोट लावलं आणि ओळींच्या टोकांवरून खाली नेत गेली. लांब ओळ, आखूड, आखूड, मग कोरी जागा. तिचे ओठ हलायला लागले. कोऱ्या जागेवर बोट थांबलं. "हितं बाया उचलतात," ती म्हणाली. सुनेनं वाकून बघितलं, जागा बरोबर होती. वीस वर्षं पानं लावतेय, पण माझं पान अक्षर न येणाऱ्या माणसानं वाचावं, असं कधी झालं नव्हतं.

म्हातारीनं ते पान मागून घेतलं, चार घड्या घालून चंचीत ठेवलं. "आता माझा गळा गेला तरी चालंल," ती सुनेला म्हणाली.

चार दिवसांनी मंडळाचे अध्यक्ष आले. माणूस वाईट नाही, उलट त्यांच्याच धडपडीनं पुस्तक निघत होतं. त्यांनी प्रूफ चाळलं आणि कपाळाला आठी घातली. "ताई, अर्धं पुस्तक कोरंच आहे की." चौसष्ट पानं त्यांना नको होती. सोळा पानांचा एक फर्मा, असे दोनच फर्मे, बत्तीस पानांत बसवा म्हणाले. शिवाय शुभेच्छुकांचे फोटो यायचे होते, त्यांना शब्द दिलेला होता. मी सांगितलं की ती जागा कोरी नाही, तिथं दम आहे. ते मनापासून हसले. "दम कधी छापतात का, ताई?" मी त्यांना म्हातारीच्या बोटाचं सांगितलं, दोन दिवस फोनवर हुज्जत घातली, एकदा तर आवाजही चढवला. तिसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला की वापीच्या प्रेसमध्ये उद्याचा नंबर लागलाय, फाइल पाठवा. ते पुस्तक त्यांचं होतं. मी कोण? पानं लावणारी बाई.

मग मी बसले आणि ते केलं. दोन एंटरच्या जागी एक, एका एंटरच्या जागी नुसती मोकळी जागा, हे कॉम्प्युटर एका झटक्यात करतो. तीन सकाळींचं काम मिनिटभरात गेलं. अक्षर अकरावर आणलं, दोन्ही बाजू सरळ करून टाकल्या, कोपऱ्याकोपऱ्यात फोटो बसवले. आणि तीच फाइल सेव्ह केली. एकदा माझ्या हातून जुन्या तारखेची पत्रिका प्रेसला गेली होती, तेव्हापासून मी प्रत्येक कामाची एकच फाइल ठेवते. जुनी प्रूफं म्हणाल तर त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर आम्ही दुसरी प्रूफं काढतो आणि मग ती रद्दीत जातात. ती तशीच गेली. काय केलं हे मला तेव्हा उमगलंसुद्धा नाही.

पुस्तक छापून आलं. शाल, नारळ, भाषणं झाली. म्हातारीला मधोमध खुर्चीवर बसवलं होतं. तिनं पुस्तक उघडलं आणि उजव्या बाजूला बोट लावलं. बोट सरळ खाली गेलं, एकदम सरळ, आणि एका शुभेच्छुकाच्या फोटोवर जाऊन थांबलं. तिनं पान उलटलं, पुन्हा तेच. मग तिनं गर्दीत मला शोधलं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. नंतर मी तिच्याजवळ गेले आणि म्हटलं, "आजी, पुन्हा या, आपण पहिल्यासारखं करू. मी माझं माझं छापून देते." ती बरं म्हणाली. पुढच्या बुधवारी यायचं ठरलं.

त्याच्या आधीच, सोमवारी, तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. जीव वाचला, सगळे म्हणाले, नशीब. मी वही परत मागवली आणि सुनेबरोबर दोन दुपारी बसले. तिला जिथं वाटे तिथं मी एंटर दाबला, पण तिचीच खात्री नव्हती. आम्ही ती पानं म्हातारीच्या उशाशी नेली, सुनेनं वाचून दाखवली, पण तिचं बोट काही उठलं नाही. तिनं बघितलं आणि मान दुसरीकडे फिरवली.

चैत्रात पाड्यावर लग्न निघालं. धवलेरी म्हणून सुनेचं हे पहिलंच. मला आग्रहाचं बोलावणं होतं. जायला जीव होत नव्हता, तरी गेले. घरात भिंतीवर तांदळाच्या पिठानं लग्नाच्या चौकाचं चित्र लिहिलेलं, त्यापुढं नवरानवरी, भोवती बाया, आणि सून हातात ते बत्तीस पानी पुस्तक घेऊन उभी. तिनं सुरुवात केली. बायांनी लवकर उचललं. ती अडखळली, पुन्हा मागून धरलं, तर या वेळी बाया थांबून राहिल्या आणि ती एकटीच पुढं गेली. कोणी हसलं नाही, ते जास्त लागलं. सुनेचा चेहरा रडवेला झाला.

म्हातारी भिंतीला टेकून चटईवर बसली होती. तिनं डाव्या हातानं चंचीची गाठ सोडायची खटपट सुरू केली. शेजारच्या बाईनं मदत केली. आतून चार घड्यांचा, पानाच्या डागांनी लाल झालेला कागद निघाला. तिनं तो सुनेच्या दिशेनं धरला.

सुनेनं पुस्तक खाली ठेवलं आणि त्या कागदावरून गायला लागली. लांब ओळ, आखूड, आखूड. म्हातारीचं डावं बोट वर झालं, मग दोन बोटं, आणि बायांनी बरोब्बर उचललं. सगळं घर त्या गाण्यात शिरलं. मी दाराशी उभी राहून रडत होते आणि लपवतही नव्हते.

मग कागद संपला. सून थांबली. बाया थांबल्या. नवरानवरी तशीच उभी होती. म्हातारीनं खोलीभर नजर फिरवली, मी सापडले, आणि तिनं डावा हात माझ्याकडे पसरला. पुढचं पान मागत होती.

माझ्या हातातल्या पिशवीत त्या पुस्तकाच्या दहा प्रती होत्या, पाहुण्यांना वाटायला अध्यक्षांनी दिलेल्या.