डोळ्याच्या पडद्याचं सांगितलं, तेव्हा दाराबाहेर मी होतो

माझ्या साडूनं मला फसवलं. पैशात नाही; पैशात मला फसवणारा आमच्या बाजारात अजून जन्मायचा आहे. त्यानं मला माझ्या उजव्या डोळ्याबाबत फसवलं.

मी उंद्रीचा, बैलांचा दलाल. बापानं मागे काही ठेवलं नव्हतं, जे केलं ते रुमालाखाली केलं. आमच्यात बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांचे हात एका रुमालाखाली जातात आणि बोटं धरून सौदा होतो. समोरचा खोटं बोलतोय का, हे मला त्याच्या बोटांतून कळतं. पण त्याआधी बैलाचे दात आणि खूर पाहायला डोळाच लागतो. म्हणून उजव्या डोळ्यापुढे चिलटं उडायला लागली आणि कडेला वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं, तेव्हा मी थांबलो नाही. खामगावला डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघालो. साडू जानेफळहून आपली बैलजोडी घेऊन आमच्याकडेच उतरला होता; येत्या बाजारी ती मी खपवून द्यायची होती. तोही सोबत आला.

ज्यांनी ही तपासणी करून घेतली नाही त्यांना सांगतो, तिच्यात भिण्यासारखं काही नाही. आधी डोळ्यांत थेंब टाकतात. ते झोंबतात आणि थोड्या वेळानं घशात कडू लागतं. मग बसून राहायचं. बाहुली हळूहळू मोठी होते आणि जवळचं पुसट व्हायला लागतं. मला स्वतःच्या तळहातावरच्या रेघा दिसेनात. थेंबांच्या फीवरून मी कंपाउंडरशी घासाघीस करत होतो, तर साडू म्हणाला, "भाऊ, डोये तरी सोडा, इथंबी बाजारच मांडता का?"

"तू गप रे. मागितल्याबिगर कोणी कमी करते का?"

मग अंधारी खोली. डॉक्टर बारीक उजेडाचं यंत्र घेऊन इतके जवळ आले की त्यांच्या तोंडातल्या लवंगेचा वास आला. म्हणाले, "वर बघा, खाली बघा, माझ्या कानाकडे बघा." उजेड टोचतो, दुखत मात्र नाही. मधेच मला अंधारात एक वठलेली बाभूळ दिसली, फांदीला फांदी फुटलेली. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका. त्या तुमच्याच डोळ्यातल्या शिरा आहेत." मी म्हटलं, "घाबरते कोण?" आपलाच डोळा आतून पाहायला मिळाला, याचं मला उलट कौतुक वाटलं.

डाव्यापेक्षा उजव्याला त्यांनी फार वेळ घेतला. शेवटी म्हणाले, "बाहेर बाकावर डोळे मिटून बसा. सोबत कोण आहे?"

साडू आत गेला. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय म्हणे?"

"काई नाही भाऊ. पडदा जरा कमजोर हाय म्हणे. आराम करा."

बाहेर ऊन इतकं पांढरं होतं की डोळा उघडेना. डोक्यावर उपरण्याचं टोक ओढून, साडूचं मनगट धरून मी मोटारीत चढलो. बोटं धरली असती तर तिथंच पकडला असता.

नजर दोन दिवसांनी ठिकाणावर आली आणि बाजाराला मी उभा राहिलो. साडूची जोडी गाडीला जुंपून गिऱ्हाइकासमोर स्वतः पळवून दाखवली. हादरे बसले, पण जोडी उत्तम खपली. दुसऱ्या दिवशी सकाळी उजव्या डोळ्यात खालून काळं पाणी चढावं तसा अंधार वर येऊ लागला.

पुन्हा खामगाव. तेच थेंब, तीच खोली. डॉक्टरांनी यंत्र खाली ठेवलं.

"तुम्ही मुंबईला गेला नाहीत? पडद्याला फाट आहे, लगेच जा, तोवर पडून राहा, हादरा बसू देऊ नका, असं सांगितलं होतं ना?"

"कोणाले सांगतलं?"

"तुमच्या माणसाला."

मुंबईला गेलो, ऑपरेशनही करून घेतलं. तिथले डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. उजव्या डोळ्याला आता दिवस आणि रात्र एवढंच कळतं. डावा शाबूत आहे आणि त्याच्यावर मी आजही बाजारात कुणाला हार जात नाही.

परतल्यावर थेट जानेफळ गाठलं. साडू ओट्यावर होता.

"काऊन लपवलं बे?"

"तुमचा जीव घाबरला असता, भाऊ. तुम्ही असे तापट..."

"मी घाबरलो असतो, का तुही जोडी खपायची राह्यली असती?"

तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. साळी मधे आली, रडली, "झालं गेलं जाऊ द्या" म्हणाली. सगळ्या सोयऱ्यांचं तेच म्हणणं आहे. मी मात्र त्या घरचं पाणी सोडलं.

मला दोघांकडून उत्तर पाहिजे. डॉक्टरसाहेब, डोळा माझा फाटला होता, कान माझे धड होते. मग मला बाहेर बसवून दुसऱ्याला का सांगितलंत? मी काय लेकरू होतो? आणि साडूभाऊ, तू गाडीच्या मागं उभा राहून मला तुझे बैल पळवताना पाहत होतास. तेव्हा तुझ्या तोंडून "थांबा" एवढा एक शब्द का निघाला नाही, ते चार सोयऱ्यांसमोर, माझ्याकडे पाहून सांग.