आक्कानं आहेरात दिलेलं नाव

उचगावात आक्काच्या दारात चटणी घ्यायला नवं गिऱ्हाईक आलं, की ती पदर सावरून म्हणायची, "या पावणं, बसा." तेच गिऱ्हाईक दुसऱ्यांदा आलं की, "आलास व्हय रं मुडद्या? एवढ्यात संपली? खातुस का अंगाला फासतुस?" एकदा शिवी पडली की माणूस आक्काच्या घरचा झाला. मी नवी सून म्हणून शेजारी आले, तेव्हा पहिल्या दिवशी मला मान मिळाला आणि आठवड्यात तिनं 'म्हशी' म्हणून हाक मारली. मी रडले. सासू म्हणाली, "गप, पास झालीस तू."

चटणीही तशीच. मिरच्यांचे देठ मोडताना शिंकत शिंकत अख्ख्या गल्लीचा उद्धार चालायचा. गल्लीतल्या पोरांनीच कधीतरी तिच्या दारावरच्या पत्र्यावर 'फटकळ आक्काची चटणी' असं रंगवलं. "मेल्यांनो, खरं लिवलंय म्हणून सोडते," आक्का म्हणाली. त्या नावानं पुण्या-मुंबईला डबे जायला लागले. विधवा बाई, पोटी लेकरू नाही. तेवढ्या नावावरच तिची चूल पेटायची.

जीव होता तो भाच्यावर, भावाच्या एकुलत्या एक प्रवीणवर. त्याच्या लग्नात, पेठ वडगावच्या कार्यालयात, आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे माईकवरून आहेर पुकारत होते. कुणाची अंगठी, कुणाची भांडी. आक्कानं माईकच ओढून घेतला. "माझ्याकडं सोनं न्हाय. माझं नाव हाय, त्ये पोराला दिलं. करून खा, मुडद्या!" टाळ्यांनी कार्यालय दणाणलं. प्रवीण पाया पडला. पाया पडता पडता तो तिचं माप घेत होता, हे आम्हाला नंतर कळलं.

त्यानं ते नाव ट्रेडमार्क म्हणून स्वतःकडं नोंदवलं, त्याच नावाची वेबसाइट घेतली आणि तिच्यावर आक्काचा फोटो लावला. चटणी मात्र कुठल्या तरी कारखान्यातून भरून आणायचा. एका गिऱ्हाइकानं ती पुडी आक्कासमोर आणून आपटली. आक्कानं चिमूटभर जिभेवर ठेवली आणि थुंकली. "ही चटणी न्हवं, लाल रांगोळी हाय!" मग येईल त्या फोनला ती हेच सांगत सुटली. प्रवीणला झोंबलं. त्याच्या वकिलाची नोटीस आली: नाव आमचं आहे, पत्रा उतरवा, या नावानं विक्री बंद करा. आणि हे कुणाला, तर आक्काला! हलकट मेला.

मी तिला ओढत कोल्हापुरात एका वकिलाकडं नेलं. वकील खूश. "नाव तुम्ही आधीपासून वापरताय, हक्क तुमचाच. वेबसाइटही परत मागू." मग प्रवीणच्या बाजूनं लग्नाचा व्हिडिओ पुढं आला. तरीही आमचे वकील म्हणाले, "लेखी काही दिलं नाही ना? मग तेवढंच सांगा, की लग्नात चेष्टेनं बोलले."

"चेष्टा न्हवती," आक्का म्हणाली. "आहेर हुता."

"आक्का, अगं, पोट जाईल तुझं!" मी ओरडले.

"जाऊ दे की. चारचौघांत दिलेला आहेर माघारी मागू? त्यापरीस मेलेली बरी."

घरी येऊन तिनं स्वतः शिडी लावून पत्रा उतरवला. नवी गिऱ्हाइकं मोबाईलवर नाव शोधून प्रवीणकडंच जायची. आम्ही जुनी माणसं शिव्या खायला येत राहिलो, पण आमच्या पावशेर-अर्ध्या किलोवर तिचं भागायचं नाही. पुढच्या उन्हाळ्यात आक्का लोकांच्या दारात मजुरीनं मिरच्यांचे देठ मोडत होती.

शेवटी दवाखान्यात होती, तेव्हाही नर्सला "हळू टोच की, कैदाशिणी" म्हणायची आणि नर्स हसायची. एका दुपारी प्रवीण आला. मला वाटलं, लाज वाटली असेल. त्यानं खिशातून मोबाईल काढून तिच्या तोंडासमोर धरला.

"आत्ती, एक शिवी दे की. वेबसाइटवर टाकतो. लोकांस्नी लई आवडंल."

आक्कानं त्याच्याकडं नीट बघितलं. उठवत नव्हतं, तरी डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले.

"या पावणं," ती म्हणाली. "बसा."

"आत्ती, मी हाय की! परव्या!"

"च्या घेनार काय, पावणं?"

ते चित्रण त्यानं कुठंच टाकलं नाही. आता त्या वेबसाइटवर कुणा पगारी बाईच्या आवाजातली शिवी ऐकू येते, आणि लोक हसतात म्हणे. मला मात्र म्हैस म्हणायला आता कुणी उरलं नाही.